नावाच्या पोटातले शब्द

“ह्याच्या पोटात काय काय हाय, बघा तर!” असं म्हणून मास्तरसाब समोर दिसेल त्या इंग्रजी नावावर बोट ठेवायचे. दुकानाची पाटी असो, औषधाची बाटली असो, त्यातलीच अक्षरं उलटीपालटी करून ते नवे शब्द काढायचे. स्टाफरूममध्ये चहाबरोबर बिस्किटाचा पुडा आला, की आधी ‘बिस्किट’च्या स्पेलिंगमधून ‘बस’ निघायची, मग ‘सूट’ निघायचा, आणि मग कुठे पुडा फुटायचा. तोवर आमचा चहा निवलेला असायचा.

उदगीरच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी इतिहास शिकवायचो, तिथं ते इंग्रजी शिकवायचे. माझ्याहून वयानं बरेच मोठे. अख्खी गल्ली त्यांना मास्तरसाब म्हणायची. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्या छंदाला आपण मायेनं हसतो, आणि याचा उपयोग काय, असंही मनात म्हणतो.

एकदा त्यांच्या वर्गात एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “सर, आमच्या गावाकडं इंग्रजी कुणालाच येत न्हाई.”

“गाव कुठलं?”

“मुखेड.”

त्यांनी फळ्यावर इंग्रजीत मुखेड लिहिलं. “गावात न्हाई कसं? नावातच हाय की. ह्यात ड्यूक हाय, म्हणजे सरदार. आन मड हाय, म्हणजे चिखल.”

“चिखल तर लई हाय, सर,” मुलगी म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

खेळाचा नियम एकच. “बाहेरचं अक्षर आणायचं न्हाई. हाय त्यातच भागवायचं.”

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तो पुढे हळूहळू सावरला. पण वाचा गेली. समोरच्यानं बोललेलं सगळं कळायचं, स्वतःचा शब्द मात्र सापडायचा नाही. पाणी मागायला जावं, तर तोंडातून ‘खुर्ची’ निघायचं. भेटायला आलेली माणसं आधी हसायची, मग जमिनीकडे बघायची. आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलेला मी, कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊ लागलो.

मास्तरसाब आले, ते नातीची प्लॅस्टिकची इंग्रजी अक्षरं पिशवीत घालून. तब्येत विचारली नाही. माझ्या बायकोकडून एक स्टीलचं ताट मागितलं, त्यात अक्षरं ओतली आणि म्हणाले, “काय पडून राहिले, सर? उठा. आज लातूरच्या पोटात काय हाय ते काढायचंय.”

मला संताप आला. मराठी बोलता येत नाही आणि हा माणूस इंग्रजी घेऊन बसलाय! मी डाव्या हातानं ताट ढकललं. अक्षरं घरभर सांडली. ते गुडघ्यांवर हात टेकत वाकले, एकेक उचललं आणि शांतपणे म्हणाले, “मराठीत अडखळलं की तुम्हाला लाज वाटते. बरोबर हाय, मायबोली हाय. पण इंग्रजीत तर आपण सगळेच अडखळतो. तिथं कशाची आली लाज?”

त्यानंतर ते रोज संध्याकाळी यायचे. मी अक्षरं सरकवायचो, ते नुसते बघायचे. बाकी सगळे माझं वाक्य घाईनं पुरं करायचे. हे मात्र शब्द माहीत असूनही ओठ मिटून बसायचे. इंग्रजीच्या मास्तरला ते किती जड गेलं असेल, ते मास्तरकी केलेल्यालाच कळेल.

एका संध्याकाळी ताटात लातूरची अक्षरं होती. मी त्यातली आर, ए, टी जवळ आणली. आणि मोठ्यानं म्हणालो, “रॅट!”

स्वयंपाकघरातून बायको झाडू घेऊन धावत आली. “कुठाय? कुठं गेला?” कपाटाखाली, पलंगाखाली झाडू फिरवून झाला. मग ती एकदम थांबली. माझ्याकडे बघितलं, मास्तरसाबांकडे बघितलं. “हे... हे बोलले?”

“हाव, वहिनी. उंदीर न्हाई, सर सापडले,” मास्तरसाब म्हणाले.

ती झाडू हातात तसाच धरून खाली बसली आणि मनसोक्त रडली.

‘रॅट’चा ‘उंदीर’ व्हायला बरेच दिवस लागले. मग ‘पाणी’ आलं, बायकोचं नाव आलं. आणि एके दिवशी रागावलोही: “चहात साखर नाही!” मास्तरसाबांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे मास्तरसाबांची मुलगी त्यांना लातूरला घेऊन गेली. तब्येत साथ देत नव्हती. एका सकाळी कुणालाही सोबत न घेता मी उदगीरहून एसटीनं त्यांच्याकडे गेलो. दार उघडताच ते माझ्या मागे बघू लागले.

“एकटेच?”

“एकटाच,” मी म्हणालो.

दुपारभर आम्ही बोललो. म्हणजे मी बोललो, ते ऐकत होते. अडखळत, थांबत, कॉलेजातल्या जुन्या गोष्टी सांगितल्या. आभार मानायचं ठरवून गेलो होतो. तसं म्हणायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. “ते राहू द्या. दुसरं काही बोला. बरं वाटून राहिलं ऐकायला.”

परतताना ते काठी टेकत बस स्टँडवर आले. घरची माणसं मला गाडीत बसवताना कंडक्टरला आवर्जून सांगायची, ह्यांना बोलता येत नाही, जरा बघा. मास्तरसाबांनी कुणालाच काही सांगितलं नाही. खिडकीखाली उभे राहिले. मी तिकीट मागितलं, कंडक्टरनं ते दिलं आणि तो पुढे गेला. तेव्हा त्यांनी बसच्या पत्र्यावर थाप मारली आणि जणू गाडी त्यांचीच असल्यासारखे ओरडले, “चलो, उदगीर!” बस वळेपर्यंत ते तिथंच उभे होते.

थंडीच्या दिवसांत त्यांच्या मुलीचा फोन आला. सकाळी झोपेतच गेले, म्हणाली. फोन मी उचलला होता. बायकोला, गल्लीला, कॉलेजातल्या जुन्या लोकांना ही बातमी सांगायची होती. माझा मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही बसा, मी सांगतो.”

मी त्याला नको म्हणालो. सगळ्यांना मीच सांगितलं.