फळ्यावरचा देवचार

गावाची शीव राखणाऱ्या भुताला, देवचाराला, मी अजिबात घाबरत नाही, असं मी स्वतःच्या हाताने, पांढऱ्या खडूने, आमच्या बाल्कांवातल्या, म्हणजे ओसरीवरच्या, फळ्यावर लिहून दिलं होतं.

हा फळा माझाच उद्योग. गोव्यातल्या तुयेच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाने सकाळची बस पकडण्याआधी गावाला शहाणं करून जावं, असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. तरी नऊ महिने मी रोज 'आजची माहिती' लिहीत होतो. राजधान्या झाल्या, नद्या झाल्या. पाव, बटाटा, चावी, साबण असे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द मी पंधरा दिवस पुरवले. (सोळाव्या दिवशी सुषमा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आता पोर्तुगीजसुद्धा कंटाळतले!") शेजारचे गुणोमामा, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे वयस्क गृहस्थ, चष्मा पुसून फळा वाचायचे आणि मान डोलवायचे. त्या डोलणाऱ्या मानेची मला चटक लागली होती.

मग एका रविवारी माहिती संपली. डोक्यात काही येईना आणि गुणोमामा तर चष्मा पुसत येताना दिसले! मी घाईघाईने लिहिलं: 'घरामागच्या काजूच्या बागेतला उभा दगड हा देवचार नव्हे. तो पोर्तुगीज काळातला मैलाचा दगड आहे. घाबरू नये. मी घाबरत नाही.'

हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही!

गुणोमामांची मान डोलली नाही. ते चष्मा खिशात घालून माघारी गेले.

तासाभरात मिक्सर जळला. मग आमची तांबडी कोंबडी नाहीशी झाली. मग रोजच्याच कोरड्या पायरीवरून मी स्वतः घसरलो. आईने सगळं मोजलं आणि ती फळ्यासमोर येऊन उभी राहिली.

"देवचाराक मैलाचो दगड म्हणतंस? गावाची शीम राखता तो! फिरान फिरान त्याच्यो व्हाणो झिजतत, म्हणान लोक त्याका चामड्याच्यो नव्यो व्हाणो व्हायतत. मैलाचो दगड चलता काय रे?"

"आई, ह्यो सगळो योगायोग..."

"रोट आनी विडी घेवन जा आनी माफी माग. आत्ताच्या आत्ता!"

"गुणोमामांक घेवन जातंय."

"चूक तुजी, तूच जावक होयो. एकटो!"

सुषमा दारातून म्हणाली, "तुमी घाबरणत नाय मां? फळ्यार लिवलासात."

रोट म्हणजे जाड भाकरी. ती भाजून होईपर्यंत नेमके बारा वाजले. भर दुपारी बारा वाजता आमच्याकडे कोणी त्या बागेत पाऊल टाकत नाही, आणि मी तिथे हातात रोट घेऊन उभा! पान हलत नव्हतं. दगड माझ्याकडेच बघत होता. (दगडाला डोळे नसतात, हीसुद्धा एक माहितीच.) रोट ठेवला, विडी ठेवली, ती पेटवायला काडेपेटी नाही! धीर यावा म्हणून मी मोठ्याने राजधान्या म्हणू लागलो. "आसाम, दिसपूर. मणिपूर, इंफाळ. नागालँड..."

तेवढ्यात दगडामागची झुडपं फुटल्यासारखी फडफडली आणि काहीतरी किंचाळलं. कोहिमा राहिलं ते राहिलंच!

घरी पोचलो तेव्हा माझ्या पायात एकच चप्पल होती. कारखान्यातल्या कोल्हापूरच्या मित्राने गावाहून आणलेली, अस्सल चामड्याची, नऊ नंबरची. उजवी बागेत राहिली होती. डावी मी पलंगाखाली ढकलली आणि आईला म्हणालो, "मागलंय माफी. सगळा व्यवस्थित."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणोमामांच्या हाकेने सगळा वाडा, म्हणजे आमची अख्खी वस्ती, बागेत जमला. दगडापुढे माझी चप्पल होती. तिच्यावर गुणोमामांनी वाहिलेलं झेंडूचं फूल होतं.

"आपली झिजलेली व्हाण सोडून गेलो देवचार!" गुणोमामांचा आवाज कापत होता. "माफ केल्यान रे तुका!"

झिजलेली! दोन महिनेसुद्धा झाले नव्हते! पण बोलणार काय? चप्पल माझी म्हणावं, तर पळालो हे कबूल करावं लागतं, आणि पळालो म्हटलं की नऊ महिन्यांचं पांडित्य खडूसारखं पुसलं जातं. तरी मी तोंड उघडलंच. तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं. तिचे डोळे भरले होते.

"रातभर डोळ्याक डोळो लागूक नाय माजो," ती हळूच म्हणाली. "तुका काय झाला असता तर?"

मी तोंड मिटलं, गुडघ्यांवर बसलो आणि सगळ्या वाड्यादेखत स्वतःच्या चपलेवर डोकं टेकलं. डोकं टेकल्यावर झुडपात पडलेलं मोरपीस दिसलं. तेही मी कोणाला दाखवलं नाही.

घरी आलो तर सुषमा केरसुणी घेऊन पलंगाजवळ उभी. दुसऱ्या हातात डावी चप्पल. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला देवचारापेक्षा जास्त भीती वाटते.

मंगळवारी सकाळी फळा तिच्या अक्षरात लिहिलेला होता: 'आजची माहिती: देवचाराचा पाय नऊ नंबरचा असतो.'

गुणोमामांनी चष्मा पुसून वाचलं आणि मान डोलवली. आमच्या फळ्यावर आजवर पुराव्यासकट आलेली माहिती ही एवढीच, आणि ती मी अनवाणी उभा राहून वाचली.