सिव्हिलला रडायचं, आरटीओत हसायचं

सरकारी ऑफिसात खोटं बोलून काम करून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. पण खोटं बोलून होत आलेलं काम मोडून आलेली बाई पाहिलीय का? नाही ना? मग नीट बघून घ्या, समोरच बसलीय. चहा ओता आधी, सांगते.

माझा डावा पाय पोलिओचा. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावून, काठी टेकत मी सावदा गावभर फिरते, आणि तोंड पायापेक्षा जास्त फिरतं. केळीच्या एका पॅकिंग हाउसवर मी ऑफिस सांभाळायची. एक दिवस शेठ म्हणाले, "ताई, तुम्हाला सुपरवायझर करतो. फक्त शेतावर स्वतःचं स्वतः जाता-येता आलं पाहिजे. दिवाळीपर्यंत थांबतो, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

आता केळीची गाडी कुठे भरेल याला काही धरबंध असतो का? कधी रावेरच्या पुढे, कधी नदीकाठी. तिथे एसटी जात नाही. भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून कुठवर सुपरवायझरकी करणार? आणि खरं सांगू? मला त्या मागच्या सीटचा वीट आला होता. भावाचा मूड असला की माझं काम, त्याचं डोकं दुखलं की माझी सुट्टी!

म्हणून एक जुनी ऑटोमॅटिक कार घेतली. तिच्यात डाव्या पायाला कामच नाही. तो आपला बसून राहतो पाहुण्यासारखा! गाडी शिकवली नानांनी. नाना म्हणजे माझे सख्खे मामा. मूळचे धुळ्याकडचे, वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी करून निवृत्त झालेले, पण बोलणं अजून अस्सल अहिराणी. पॅकिंग हाउसच्या आवारात मी गाडी अशी शिकले, की क्रेटच्या थप्प्यांमधून रिव्हर्स काढायची.

मग आम्ही गेलो आरटीओत. कुठल्या, ते विचारू नका. मला तिथे परत जायचंय.

खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "कुणाचं लायसन्स?"

"मन्ही भाचीनं," नाना म्हणाले.

क्लार्कने माझा कॅलिपर पाहिला. मग पुढचं सगळं तो नानांशीच बोलला. मी जणू नानांनी सोबत आणलेली पिशवी!

"काका, तुम्हीच चालवा ना गाडी. यांना कशाला त्रास?"

"त्रास मला होणारे ना? मग मला विचारा," मी म्हटलं.

त्याने परत नानांनाच विचारलं, "यांना क्लच दाबता येतो का?"

"अहो, गाडीला क्लचच नाहीये!"

"नसला तरी दाबता आला पाहिजे."

घ्या! आता नसलेला क्लच कसा दाबून दाखवायचा, सांगा. शेवटी तो म्हणाला, "सिव्हिलमधून गाडी चालवायला फिट असल्याचा दाखला आणा, मग बघू." माझ्यामागे जाड चष्म्याचा एक गृहस्थ होता. भिंत चाचपत खिडकीशी आला आणि मलाच "नमस्कार साहेब" म्हणाला. त्याचं मात्र 'मी धडधाकट आहे' अशा एका सहीवर भागलं! माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

बाहेर आल्यावर नानांनी मला थंड केलं. त्यांचा सरकारी अनुभव दांडगा. म्हणाले, "उगी राह्य. सिव्हिलमा रडानं, आरटीओमा हासानं. बठ्ठं काम व्हई जाई."

हे मला नवीन नव्हतं. लहानपणापासून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिलच्या वाऱ्या केलेल्या. त्या दिवशी आई मला मुद्दाम सगळ्यात विटका फ्रॉक घालायची. "डॉक्टरसमोर हसू नको गं, अपंगत्वाचे टक्के कापतील!" त्यामुळे सिव्हिलची पायरी दिसली की माझा चेहरा आपोआप पडतो. त्याला सवयच लागलीय.

तर सिव्हिलला गेलो. तेच बाक, तोच फिनेलचा वास, तेच हाडांचे डॉक्टर. माझा नंबर आला आणि मी आत शिरतानाच एक कण्हणं सोडलं.

"चालता येतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसलं चालणं हो डॉक्टर! दोन पावलं टाकली की भिंत धरावी लागते."

"हातांत ताकद?"

"हात तर असे थरथरतात! कप धरला तर चहा बशीत."

मागून नानांनी हलकेच खोकून शाबासकी दिली. मग काय, मला चेवच आला! शाळेच्या गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळवलेली बाई मी.

"नजर?"

"मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते."

"झोप?"

"विचारू नका. दिवसाढवळ्या, बसल्या जागी डोळा लागतो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे सगळं खरं?"

"आईशप्पथ!"

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला, कागद हातात दिला. मी डोळे पुसत बाहेर आले. नानांनी ऐटीत चष्मा लावला, मोठ्याने वाचायला लागले, आणि मधेच त्यांचा आवाज बसला. कागदावर लिहिलं होतं, 'वाहन चालवण्यास पूर्णतः अपात्र'.

आलं ना लक्षात? टक्के वाढवायला नव्हतो हो आलो आम्ही! या वेळी फिट असल्याचा दाखला हवा होता. मी सवयीने रडले, नानांनी सवयीने शाबासकी दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून माझी सुपरवायझरकी बुडवली.

"आते काय करानं?" नानांनी कपाळाला हात लावला.

काय करणार? परत आत घुसले. "डॉक्टर, मी खोटं बोलले."

"कधी? मघाशी, की आत्ता?"

"मघाशी! मी एकदम ठणठणीत आहे."

"अस्सं?" डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "दिव्यांग बोर्डावरही मीच असतो. तिथेही तुम्ही मघाशीसारखंच बोलता का? मग टक्केही पुन्हा तपासू या."

झालं का! ठणठणीत म्हणावं तर टक्के जातात, आजारी म्हणावं तर गाडी जाते. पण मला तेव्हा गाडीपुढे काही दिसत नव्हतं. "बघा तुम्हीच!" म्हणत मी काठी नानांच्या हातात दिली आणि बाहेरच्या व्हरांड्यात तुरुतुरु चालत सुटले. या टोकाला गेले, त्या टोकाहून आले, वर दोन्ही हात उंच करून दाखवले.

आणि तिथेच माशी शिंकली. बाकावर एक म्हाताऱ्या अक्का बसल्या होत्या. मघाशी मी भिंत धरून, कण्हत आत जाताना त्यांनी पाहिलं होतं. त्या ओरडल्याच, "अगं माय! पोरगी रांगत गेली नि धावत आली! काय गुण आहे डॉक्टरच्या हाताला!"

मी रांगत गेले नव्हते, पण ऐकतंय कोण? डोळ्यांच्या रांगेतले उठले, दातांच्या रांगेतले उठले, सगळे हाडांच्या दारात. एकाने तर मलाच विचारलं, "ताई, इंजेक्शन दिलं की गोळी?" अक्का दार धरून उभ्या. "डॉक्टर, माझे दोन्ही गुडघे आहेत हो, हिचा तर एकच पाय होता!"

डॉक्टरांनी मला आत ओढलं, दार लावलं आणि हात जोडले. "बाई, तुम्ही नेमक्या आहात तरी कशा?"

आता मात्र मला खरंच रडू फुटलं. त्याला गॅदरिंगचं बक्षीस मिळालं नसतं, नाक वाहत होतं.

"डॉक्टर, माझा पाय जेवढा बारीक आहे तेवढाच आहे हो. रडले म्हणून आणखी बारीक होत नाही, हसले म्हणून जाड होत नाही. पण इथे रडले नाही तर टक्के कापतात, तिथे हसले नाही तर अर्ज परत देतात. मला आहे तशी कुणी घेतच नाही. मी तरी काय करू?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "एवढंच सांगायचं ना, बाई." आणि उठले. "गाडी कुठंय?"

गाडी गेटाजवळच्या झाडाखाली उभी होती, नानांनी चालवत आणलेली. डॉक्टर शेजारी बसले. इंजिन बंद, आणि ते म्हणताहेत, "ब्रेक! अॅक्सिलरेटर! ब्रेक! उजवीकडे वळा!" मी उजव्या पायाने धडाधड दाबतेय, स्टिअरिंग फिरवतेय. बाहेर अक्का आणि अख्खी रांग काचांना नाक लावून. त्यांना वाटलं, हा पुढचा उपचार.

"डोळ्यांपुढची अंधारी?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेली."

"दिवसाची झोप?"

"मघाशी तुमचा कागद वाचला, तेव्हाच उडाली."

डॉक्टर हसले. नवा दाखला दिला. 'डावा पाय अधू, ऑटोमॅटिक गाडी चालवण्यास पात्र.' जे आहे तेवढंच. टक्क्यांना हात लावला नाही.

आरटीओतला क्लार्क दाखला उलटा-सुलटा करत म्हणाला, "तरी पण, असं आहे…"

इथे हसायचं होतं, ते मी विसरले नव्हते. गोड हसून म्हटलं, "नाही म्हणताय ना? हरकत नाही. 'पाय बारीक आहे म्हणून अर्ज घेत नाही' एवढं लिहा आणि खाली सही करा. मी लगेच जाते."

तो म्हणाला, पेन चालत नाहीये. मी माझं पुढे केलं. रांगेतल्या आणखी दोघांनी आपापली पुढे केली. मी हसतेच आहे. त्याने मुकाट्याने अर्ज घेतला.

शिकाऊ लायसन्स झालं, मग पक्क्याची परीक्षा. बाकीच्यांना एक सरळ चक्कर. मला मात्र मागे घ्या, चढावर थांबा, परत मागे घ्या. मी म्हटलं, घ्या! क्रेटच्या थप्प्यांमधून शिकलेली बाई आहे. शेवटी परीक्षा घेणाऱ्या साहेबांनाच गरगरलं आणि त्यांनी पास केलं.

दिवाळीच्या आधी मी एकटी गाडी घेऊन शेतावर गेले. दोन्ही बाजूंना केळी, मधून मी, मागच्या सीटवर कुणी नाही आणि मीही मागच्या सीटवर नाही. इतका आनंद झाला की बांधावर गाडी थांबवून पोटभर रडून घेतलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुमच्यासमोर ताठ मानेने बसले असते.

पण मग धुळ्याला धाकट्या मामांच्या मुलीचा साखरपुडा आला. गाडी मी चालवतेय, शेजारी नाना. नव्या साडीची इस्त्री मोडू नये म्हणून मी बेल्ट लावला नव्हता. धुळ्याच्या अलीकडे पोलिसाने हात केला.

"ताई, बेल्ट?"

खाकी कपडे दिसले, हातातलं शिक्क्याचं पावतीपुस्तक दिसलं, आणि माझा चेहरा आपोआप पडला! मला कळायच्या आत तोंड सुरू. "साहेब, दिव्यांग आहे हो मी. पायात जीव नाही. हात थरथरतात. मधूनच अंधारी येते…"

पोलीस दचकून मागे सरला. "अहो, मग गाडी कशी चालवताय? उतरा आधी! लायसन्स द्या इकडे. काका, तुम्ही बसा स्टिअरिंगवर."

नाना कळवळून पुटपुटले, "आठे हासानं व्हतं, माय!"

मी लगेच हसले. चांगली सगळे दात दाखवून हसले.

"हसताय काय? घेतलीय का?" पोलिसाने मशीन काढलं. "फुंका यात!"

साखरपुड्याची साडी, केसांत गजरा, आणि मी हायवेवर फुंकतेय! मशीनने मला निर्दोष ठरवलं, पण पोलिसाचं समाधान होईना. लायसन्स बघितलं, मला बघितलं, परत लायसन्स.

"ताई, तुम्हाला नेमकं झालंय तरी काय?"

"काही नाही हो," मी मान खाली घालून म्हटलं. "बेल्ट लावायचा राहिला."

"मग एवढंच सांगायचं ना, बाई!"

लायसन्स परत मिळालं. दंड मुकाट्याने भरला, सवलत-बिवलत काही मागितली नाही. मागणार होते खरं तर, पण नानांनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता.