हाताची परीक्षा

जनकोजींना एका जागी बसवत नाही, हे त्यांच्या बायकोचं, राजसबाईंचं, जुनंच गाऱ्हाणं. पण गेल्या वर्षभरात त्यांनी अगदी कहर केला. कॉफीचा पेला उचलायचा, मुठीत धरायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. विचारलं तर म्हणायचे, काही नाही.

जनकोजी वाफेच्या नळांना पांघरूण घालतात. एकतीस वर्षं चेन्नईत हेच काम: नळाभोवती ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. सोपं वाटतं, आणि तिथेच नवशिके फसतात. ते लोकर करकचून आवळतात. अरे, उष्णता अडते ती लोकरीत अडकलेल्या हवेमुळे. हवाच चेपून काढलीत तर उरलं काय? उष्णता गरमाकडून गाराकडे जाणारच, आपण तिला फक्त उशीर करायचा, हे जनकोजी पदवीधर इंजिनियरांनाही ऐकवतात.

काम झालं की ते पत्र्यावर तळहात टेकून पाचपर्यंत मोजत. त्याआधी हात उचलावा लागला, तर सगळं खोलून पुन्हा बांधायचं. ठेकेदार श्रीहरी हा त्यांच्याच तंजावरी मराठी नात्यातला. त्याने लांबून तापमान सांगणारी बंदूक आणून दिली होती. चकचकीत पत्रा उष्णता फारशी बाहेर फेकत नाही, म्हणून बंदूक आकडा कमी दाखवते, असं सांगून जनकोजींनी ती डब्यात टाकली. म्हातारा हट्टी खरा, पण त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

मग गेल्या मे महिन्यात जॉर्ज टाउनच्या गर्दीत त्यांच्या पायातली चप्पल निसटली आणि तापल्या डांबरावरून ते तसेच चालत राहिले. त्यांना पत्ताच नाही. हातगाडीवाल्याने हाक मारली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, साखरेने पायांची जाणीव गेली आहे, हातांचं काय? हात ठीक आहेत, असं जनकोजी घाईघाईने म्हणाले. श्रीहरीला यातलं अक्षरही सांगितलं नाही. काम गेलं तर आपण कोण उरणार, या धास्तीने त्यांना ग्रासलं होतं.

परवा अड्यारच्या एका रुग्णालयातून तक्रार आली. तिथल्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या लावण्याचा हात नळाला लागला आणि टरारून फोड आला. नळ जनकोजींनीच महिन्यापूर्वी पास केलेला. ते तणतणतच पोचले. लावण्याला तमिळमध्ये म्हणाले की चटका दुसऱ्याच कशाचा तरी असेल. मग श्रीहरीच्या देखत त्यांनी पत्र्यावर तळहात टेकला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. पाच झाले. ऐटीत दहापर्यंत गेले. श्रीहरीने सुटकेचा निःश्वास सोडला.

लावण्याने मात्र त्यांचं मनगट धरून हात खेचून काढला. तळव्याची कातडी पांढरी पडली होती. जनकोजींनी ती दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून पाहिली. त्यांना काहीच दुखत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भयंकर भीती वाटली.

तिने त्यांचा हात थंड पाण्याच्या तोटीखाली धरला. श्रीहरी जवळ येऊन हळूच म्हणाला, “झालं तें झालं, काका. हा एक नळ खोलूं. बाकी कोणास सांगूं नका.”

“मे महिन्यापासूनचे समदे खोल,” जनकोजी म्हणाले. “मज हातास कळत नाहीं. केव्हांपासून, तेंही कळत नाहीं.”

श्रीहरी बोटांवर मोजू लागला. तेवढे नळ म्हणजे चौदा जागा, आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन हेच सांगायचं. वीस मिनिटं तरी हात पाण्याखाली ठेवा, असं लावण्या बजावत होती. जनकोजींना दोन मिनिटंही दम निघेना. त्यांनी हात काढून घेतला आणि श्रीहरीला दाराकडे ढकललं.

“आधीं नुंगंबाक्कमचं वसतिगृह. तेथला नळ जेवणाच्या रांगेजवळून जातो. लहान पोरांच्या तोंडाएवढ्या उंचीवर.”