आण्णांचा दहावा आणि माझा शब्द

वाईच्या घाटावर, साठ माणसांदेखत, मी मेलेल्या माणसाला खोटा शब्द दिला.

ते माझे सासरे, आण्णा. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

हे लिहायचं नव्हतं. पण सकाळी भावकीच्या ग्रुपवर आण्णांचा हार घातलेला फोटो आला. खाली चुलतसासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा मेसेज: "दादाची शेवटची इच्छा राहिली. ज्यांनी शब्द दिला त्यांनी पाळला नाही."

त्याखाली सव्वीस जणांनी हात जोडलेत.

"ज्यांनी" म्हणजे मी. नाव घ्यायची हिंमत नाही, म्हणून मीच घेते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी दोन्ही पोरं शाळेत जात नाहीत. घरी आणि रानात शिकतात. दोन एकर आहे, हळद आणि घेवडा, दोन गाई. होय, मुद्दाम. होय, परीक्षा बाहेरून देता येते. आता पुढचं ऐका.

आम्ही हे ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त कोण पेटलं असेल तर आण्णाच. आर्मीतले रिटायर्ड ड्रायव्हर, आवाज तसाच. एका लग्नात भर पंगतीत हातात जिलेबी घेऊन गरजले, "नातवंडं शाळंत गेल्याबिगर मला मुक्ती न्हाई!"

तीन महिने माझ्या हातचा चहा घेतला नाही त्यांनी. स्वतः करायचे, निम्मा उतू घालवायचे.

मग एकदा विहिरीवरची मोटर बंद पडली. आण्णा ती खोलून बसले. सई, माझी मोठी, तेव्हा सात वर्षांची, शेजारी जाऊन बसली. हे काय, ते कशाला, उलटं लावलं तर काय होईल?

दोघंही दुपारी जेवायला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अंगणात शिट्टी. "फॉल इन!"

त्यानंतर चार वर्षं तेच चाललं. सहाला हजेरी, त्यात मी आणि कुत्रासुद्धा. मापानं दूध ओतत अपूर्णांक. नकाशा उघडून जबलपूर, जोरहाट, लेह, आणि कुठल्या घाटात ट्रक कसा बंद पडला त्याच्या गोष्टी. निम्म्या थापा असणार.

आणि दिवसातून दहादा, "आधी बघायचं, मग मोजायचं, मग तोंड उघडायचं."

मी म्हणायचे, "आण्णा, तात्यांना सांगा की आता. ते अजून तुमच्या नावानं मला टोचून बोलतात."

"सांगतो की. गडबड काय हाय?"

"पंगतीत बरी गडबड होती!"

"लय बोलतीस तू सांगलीची." हसायचे. मग हळूच म्हणायचे, "पोरांस्नी मधनंच शाळंत घालू नगं बरं का. माझी बॅच अर्धी ऱ्हाईल."

हे त्यांनी मला सांगितलं. गोठ्यात. साक्षीला दोन गाई.

गेल्या वर्षी हळदीला पाणी पाजून परत येताना बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला पिंड ठेवला, सगळे मागे सरले. कावळा येईना. अर्धा तास गेला, तास गेला. नवरा मुंडण करून, ओल्या अंगानं उभा. कोण म्हणतंय, रान विकणार नाही म्हणा. कोण म्हणतंय, बहिणीला अंतर देणार नाही म्हणा. नवऱ्यानं सगळं म्हणून झालं.

मग तात्या माझ्याकडे वळले. "सूनबाई, दादा कशात अडकलाय ते ठावं हाय की तुला. पोरं शाळंत घालते म्हण. आत्ता येतोय बघ कावळा."

सगळी डोकी माझ्याकडे.

तेवढ्यात सई बोलली. "आई, आज घाटावर पाच जणांचे दहावे आहेत. मी मोजले. आणि कावळे सातच आहेत. त्यांची पोटं भरलीत."

खरं होतं. आमच्याआधी चार घरं उरकून गेली होती. पायऱ्यांवर भात, वडे, लाडू तसेच पडलेले. कावळे झाडावर चोची घासत बसलेले.

"ह्येच शिकवतीस व्हय पोरांस्नी?" मागून कुणीतरी बाई.

आणि मी काय केलं? सईचा दंड धरला. "गप्प बस. एकदम गप्प!"

मग हात जोडले. "आण्णा, जूनमध्ये पोरांना शाळेत घालते."

कावळा आला नाही.

परत वाचा. नाही आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले.

अहो सव्वीस जण, तुम्ही होतात ना तिथे? मी शब्द देऊनही कावळा हलला नाही, म्हणजे तुमच्याच हिशेबानं आण्णा त्यात अडकले नव्हते! एकाच्याही डोक्यात हे येऊ नये?

घरी येताना गाडीत सईनं विचारलं, "आई, तू आण्णांशी खोटं बोललीस ना?"

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्यांचीच नात.

तात्यांचा राग आहेच. आण्णा, तुमचाही आहे. लय आहे. चिडून बोललात ते भर पंगतीत, आणि मन बदललं ते फक्त माझ्या कानात. लोक हसतील म्हणून एक वाक्य गिळलंत आणि ते मला निस्तरायला ठेवून गेलात.

पण सगळ्यात जास्त राग माझा मला आहे. त्या घाटावर एकाच माणसानं आधी बघितलं, मग मोजलं, मग तोंड उघडलं. आणि मी तिलाच गप्प केलं.

म्हणून तो शब्द मी आज इथे, सगळ्यांदेखत परत घेते. पोरं शाळेत जाणार नाहीत. तात्या, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका.

सई, माझं चुकलं. तू बरोबर मोजलं होतंस.

आज सकाळी सहाला शिट्टी झाली. आता ती वाजवते. गोठ्याच्या पत्र्यावर आण्णांचं पान ठेवलंय. मी विचारलं, "येईल का गं कावळा?"

तिनं आधी चारी बाजूंना नीट बघितलं. "आज वस्तीवर दुसऱ्या कुणाचं काही नाही. येईल."

आण्णा, तुमची बॅच अर्धी राहणार नाही. हा शब्द खरा.

रागासकट श्रद्धांजली.