नव्या चेहऱ्यांकडे पाहणारी भागीरथा

सिंदी स्टेशनात पॅसेंजर लागली की भागीरथा पेरूची टोपली घेऊन डब्याडब्यापुढून फिरायची. हात गिऱ्हाइकाला पेरू द्यायचे, नजर मात्र उतरणाऱ्या माणसांवर असायची.

तिचा धाकटा भाऊ चंद्रभान त्र्याहत्तर साली हरवला होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवलं. लहानपणी मोठा ताप आला, तेव्हापासून तो फार बोलत नसे. सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाड्या खाली करायला जायचा. एका दुपारी तो स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसला आणि गाडी सुटली. पाहणाऱ्यांना वाटलं, चालला असेल कुठंतरी.

भागीरथानं नागपूर पाहिलं, बडनेरा पाहिलं. मग स्टेशनातच पेरू विकू लागली. कुणी लग्नाचं काढलं तर म्हणायची, "तो आला अन् घराले कुलूप दिसलं त तो कोठी जाईन?"

वर्षं गेली तशी तिची नजर तयार झाली. हमाल, कडुनिंबाखालचे भिकारी, रोजचे प्रवासी यांच्यावरून ती सरळ पुढं सरकायची. एकदा पाहून झालेला माणूस तिच्या लेखी संपला. नवा चेहरा मात्र कितीही गर्दीत तिला लगेच दिसायचा. चहावाले सदाशिवराव म्हणायचे, "भागीरथाबाई, तुमच्या नजरेतून नवा माणूस सुटत नाई."

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात बैराग्यांचा एक जथा उतरून कडुनिंबाखाली टेकला. तिनं साऱ्यांवरून नजर फिरवली. एकजण डोक्यावरून घोंगडी ओढून भिंतीकडं तोंड करून पडला होता. वाढलेली दाढी तेवढी दिसत होती. हा नव्हे, असं म्हणून ती वळली. जथा गेला, तो माणूस मागे राहिला आणि रोजच्या माणसांत जमा झाला. उरलासुरला पेरू ती त्याच्यापुढं ठेवायची आणि येणाऱ्या गाडीकडं धावायची.

एका सकाळी सदाशिवरावांनी हाक मारली. तो माणूस तापानं फणफणला होता. चहा पाजायला भागीरथानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर घोंगडी सरकली. कानामागं चुलीच्या निखाऱ्यानं भाजल्याचा जुना डाग होता. तो निखारा तिच्याच हातून उडाला होता.

"चंद्या?"

त्यानं डोळे उघडले. "बाई, भूक लागली." मोठ्या बहिणीला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा.

दवाखान्यात न्यायला हमालांनी त्याला उचलून दोघांना वर्ध्याच्या गाडीत बसवलं. सेलू रोड स्टेशन गेल्यावर तिच्या मांडीवरचं डोकं जड झालं. वर्धा अजून यायचं होतं.

सदाशिवराव नंतर तिच्या घरी आले. खाली मान घालून म्हणाले, "दिवसभर तुमच्याकडंच पाहत राहे तो. मले वाटलं, पेरूसाठी."

"मी पेरू ठेवला रोज," भागीरथा म्हणाली, "पण त्याच्या तोंडाकडं नाई पाह्यलं."

त्यानंतर ती फलाटावर गेली नाही. बाजारात बसू लागली. रोजच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडंही ती इतका वेळ पाहत राहायची की समोरचा अवघडून जायचा. शेजारच्या कमलाबाईनं एकदा विचारलं, "काऊन वं, मले वळखत नाई का?"

"वळखतो ना," भागीरथा म्हणाली. "पाहू दे थोडं."