ताकसांडे सरांचा खड्डा

ताकसांडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. खोटं कशाला बोलू, रडू नंतर आलं, आधी तो खड्डा आठवला. आठच दिवसांपूर्वी त्यांना दवाखान्यात भेटले होते. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, आणि या माणसानं विचारलं काय, तर, "मॅडम, खड्ड्यात पानी टाकून राह्यले ना कोनी?" मी म्हटलं, हो सर, रोज. मला काहीएक ठाऊक नव्हतं. सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि मी त्या खड्ड्याकडे एकदाही फिरकले नव्हते...

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या पुलगावच्या कॉलेजात संगणक कक्ष काढायचं ठरलं. सर भौतिकशास्त्राचे, नाचणगावहून सायकलनं येणारे. आराखडा त्यांच्याकडे आला. संगणक किती मागितलेत, एवढंच सगळ्यांना पाहायचं होतं. पहिल्या ओळीत होतं, 'मागच्या व्हरांड्यालगत अर्थिंगचा खड्डा'. मग वायरिंग, मग बॅटऱ्या, आणि संगणक पार सातव्या ओळीत. मी मराठीची, जीभ तिखट. सर पोरगी पाहायला गेले अन् विहीर पाहून आले, असं म्हटलं तर अख्खी स्टाफरूम हसली, सरही हसले. मग शांतपणे सांगू लागले की इथलं व्होल्टेज कसं नाचतं ते तुम्ही पाहताच, भरकटलेल्या विजेला जमिनीत जायला वाट दिली नाही तर ती माणसाच्या अंगातून वाट काढते. खड्ड्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून रोज एक बादली पाणी. ती बादली सर स्वतः ओतायचे, हजेरीपटावर सही करण्याआधी. मग कक्षात जाऊन प्रत्येक यंत्राला बोटांची मागची बाजू लावून पाहायचे. तळहातानं धरलं आणि झटका बसला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात आपोआप मागे येतो, म्हणायचे.

पुढे मूल्यांकन समिती यायची ठरली. श्रेणी चांगली मिळाली तर नव्या इमारतीचं अनुदान, नाहीतर बसा बोंबलत. सुशोभीकरण माझ्याकडे होतं. सर पेपर तपासायला नागपूरला गेलेले. मागच्या व्हरांड्याबाहेर मी फरशी घालून घेतली. खड्ड्याचं गंजकं झाकण फार ओंगळ दिसत होतं. मिस्त्रीला म्हटलं, यावरूनही घे. एक पट्टी आड येत होती, कापू का म्हणाला. काप म्हटलं.

समिती यायच्या दिवशी सकाळी वंदना नावाची आमची विद्यार्थिनी धावत आली. धूळ नको म्हणून तेव्हा कक्षात चपला बाहेर काढूनच जावं लागे. अनवाणी पोरगी, हात चोळत म्हणाली, "मॅडम, संगणकाले हात लावला का मुंग्या येऊन राह्यल्या." मी म्हटलं, तुला भास होतोय, आज गप्प राह... हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

तेवढ्यात सर आले. यंत्राला उलटा हात लावला आणि सरळ जाऊन मेन स्विच खाली ओढला. प्राचार्य धावत आले, समितीची गाडी फाटकाशी पोचली होती. सर म्हणाले, "बंदच राहू द्या. श्रेणी पुढच्या खेपेले भेटन. पोरीले काई झालं तर तिच्या मायले काय सांगू?" मग बाहेर येऊन विचारलं, फरशी कोणी टाकली? मी रांगोळीकडे पाहत उभी राहिले. सरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, लोखंडी सब्बल घेतली आणि नवीकोरी फरशी फोडू लागले. समिती आली ती सर खड्ड्यात उतरलेले, हात मिठानं पांढरे, आणि आत संगणकांचे सगळे पडदे काळे. चूक कोणाची, असं अध्यक्षांनी विचारलं. सर म्हणाले की आराखडा माझा, खड्ड्यावर पाटी लावायची राहून गेली.

श्रेणी घसरली, अनुदान लांबलं. नव्या इमारतीचा आराखडाही सरच करत होते, तो त्यांच्याकडून काढून घेतला, पुन्हा कधी दिला नाही. मी रोज त्यांच्यासमोर बसून डबा खात होते. त्यांना माहीत होतं का? देव जाणे. दवाखान्यात तरी बोलायचं होतं, तर तिथंही खोटंच बोलले. वंदना आता शिक्षिका आहे. हे वाचलं तर तिलाही कळेल.

फोन ठेवला, गॅस बंद केला, आणि नाचणगावला जायच्या आधी कॉलेज गाठलं. झाकण उघडलं. आत मीठ पांढरं पडलेलं, मातीला हात जाईल एवढ्या भेगा. खिडकीतून प्रॅक्टिकल चाललेलं दिसत होतं, दाराबाहेर पोरींच्या चपलांची रांग होती. चार बादल्या ओतल्या. माती पाणी ओढून घेत होती आणि मला धाप लागली होती. आत गेले, पहिल्या यंत्राला उलटा हात लावला. काही लागलं नाही. दुसऱ्याला लावला. शेवटच्या यंत्रापर्यंत गेले आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

महिना झाला. आता रोज सहीच्या आधी बादली मी नेते.