काकांच्या दोन खुर्च्या

आळीत सुताराचं नावच ‘जपून’ पडलं होतं. कुणाच्या दाराची मोडकी फळी काढली तरी ती टाकायची नाही, माळ्यावर चढवायची, ही त्याची रीत. बायको म्हणायची, मी मेले की मलाही वर ठेवा, लागेन कधीतरी.

पलीकडच्या घरातल्या काकूंची आरामखुर्ची हे त्याचं जुनं गिऱ्हाईक. खुर्ची काकांची. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काकांची मेल्यावरही गेली नव्हती. तिन्हीसांजेला खुर्ची करकरायची, कुणी अंग टाकल्यासारखी. काकू समोर भाजी निवडत तिच्याशी गप्पा मारत. करकर झाली की काका हो म्हणाले, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जपून म्हणायचा, लाकूड आहे, हवेनं बोलतं.

कीड लागली तसतसे त्यानं भाग बदलले. आधी मागचा पाय, मग हात, मग पाठ, बैठक. दरवेळी काकू भीत भीत विचारायच्या, खुर्ची तीच राहील ना? तो म्हणायचा, "काकू, दात बसवला म्हणून माणूस बदलतं का?" आणि खरंच, शेवटची जुनी पट्टी निघाली तरी करकर थांबली नाही.

पुढे बायकोनं माळा आवरायला लावला. काकांच्या खुर्चीचे सगळे जुने तुकडे एकेक करून खाली आले. जपूनला गंमत वाटली. कीड मारली, सरस लावला, सांधे ठोकले. खुर्ची उभी राहिली, जराशी लंगडी. संध्याकाळी नवरा-बायको चहा घेत असताना ती करकरली.

"हवा बरीच बोलते हो आज," बायको म्हणाली, आणि कप घेऊन बाहेर ओट्यावर गेली. ही खुर्ची घरात असेपर्यंत आत पाऊल टाकणार नाही, असं तिनं तिथूनच कळवलं.

जपून पलीकडे गेला. तिथली खुर्चीही करकरत होती, पण दबक्या आवाजात. काकू काळजीत होत्या. आज ह्यांचा आवाज बसलाय, म्हणाल्या. आपण गंमत म्हणून काकूंचा अर्धा नवरा घरी नेऊन ठेवला, असं जपूनला वाटलं. त्यानं सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी जुनी खुर्ची डोक्यावर घेऊन आणली.

दोन्ही शेजारी मांडल्या. उजेड उतरू लागला तेव्हा काकूंनी मुद्दाम नणंदेचा विषय काढला, कारण बहिणीचं नाव निघालं की काका चुळबुळत. दोन्ही खुर्च्या एकदम करकरल्या.

काकूंना आधी हसू आलं. मग चेहरा उतरला. त्या जपूनला म्हणाल्या, "दोन्ही तुम्हीच केल्यात, दादा. खरे कोणते, ते सांगा."

काकांच्या हाताचा घाम मुरला होता तो जुन्या लाकडात. पण काकूंच्या एकटेपणात संध्याकाळी सोबतीला येत होती ती नवी. एकीला हो म्हणावं तर दुसरीला मारल्यासारखं होत होतं. "तुम्हालाच माहीत, काकू," जपून पुटपुटला.

काकू दोन्ही खुर्च्यांकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. मग नवऱ्याला दटावतात तशा आवाजात म्हणाल्या, "मला दोघं झेपायचे नाहीत. एकानं जावं. जो जाणार असेल, त्यानं गप्प राहावं."

खोलीत काहीच हललं नाही. जपून कान देऊन उभा राहिला. काकूंनी पुन्हा नणंदेचं नाव घेतलं. मग तिला चार शिव्याही घातल्या. एकही सांधा बोलला नाही. अंधार पडला. जपूननं न राहवून एका खुर्चीचा हात दाबून पाहिला, मग दुसरीचा. नुसतं लाकूड होतं, त्याच्या दुकानातल्या कुठल्याही फळीसारखं.

"काकू, दोघंही..."

"हो," काकू म्हणाल्या. "असेच होते ते. पानात शेवटचा घास उरला की मला ठेवायचे, मी त्यांना. शेवटी तो मांजर खायचं."

त्यांनी दिवा लावला, चहाचं आधण ठेवलं आणि आतून हाक मारली, "उभे का, दादा? बसा की. आता कुठंही बसलात तरी चालेल."

जपूननं चहा उभ्यानंच घेतला.